ट्रॅक्टरची वॉरंटी आणि डीलरची सर्व्हिस : आपापले अनुभव लिहा

वॉरंटीच्या वर्षांची सध्या चढाओढ लागली आहे. कुणी पाच वर्षं किंवा इंजिन चालल्याचे ५००० तास देतं, कुणी सहा वर्षं किंवा ६००० तास. ‘यापैकी जे आधी होईल ते’ ही ओळ मात्र बारीक अक्षरात असते. घरच्याच रानात चालणाऱ्या ट्रॅक्टरची वर्षं आधी संपतात, भाड्याने रोटाव्हेटर मारणाऱ्याचे तास आधी संपतात. काही कागदांवर तर सुरुवातीची वर्षं पूर्ण ट्रॅक्टरची आणि पुढची फक्त इंजिन-गियरबॉक्सची असतात. शोरूममध्ये पेढा खाताना हे कुणी वाचत नाही.

म्हणून हा धागा. अटी दोनच. कंपनीचं आणि डीलरचं नाव नको. एकाच कंपनीचा एका तालुक्यातला डीलर रात्री अकराला फोन उचलतो आणि शेजारच्या तालुक्यातला दिवसाढवळ्याही उचलत नाही, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. दुसरं म्हणजे एचपी, काम कोणतं, काय बिघडलं आणि जॉब कार्डावर, म्हणजे वर्कशॉपच्या तक्रार-नोंदीच्या कागदावर, काय लिहिलं ते सांगा. ‘सर्व्हिस बेकार आहे’ एवढ्यावरून पुढच्याला काही कळत नाही.

माझं छोटंसं आहे. ४५ एचपी, दुसऱ्या उन्हाळ्यात बॅटरी बसली. डीलर म्हणाला, बॅटरीची वॉरंटी बॅटरी कंपनीची, ट्रॅक्टरची नव्हे. खरंच तसंच असतं. टायरचंही तेच आणि बऱ्याच ठिकाणी डिझेल पंपाचंही. बॅटरीवाल्याने कार्ड मागितलं. कार्ड पुस्तिकेत होतं, पण त्यावर डीलरचा शिक्का नव्हता. शिक्का मारून घ्यायला परत शोरूम. नवीन ट्रॅक्टर घेताना बॅटरी आणि चारही टायरचे नंबर बिलावर किंवा पुस्तिकेत उतरवून घ्या.

द्राक्षवाला, निफाड भाग

२४ एचपी, पूर्ण वेळ फवारणीच्या ब्लोअरला. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग पोंग्यातून फुलोऱ्याकडे चाललेली, वर ढगाळ हवा आणि पाऊस. अशा वेळी पीटीओ, म्हणजे ब्लोअर फिरवणारा मागचा शाफ्ट, पडायला लागला. लिव्हर टाकला की थोडा वेळ चालायचा आणि आपोआप न्यूट्रल.

डीलरबद्दल तक्रार करायला जागा नाही. मेकॅनिक दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत हजर. उघडून बघितलं, गियरचे दात झिजलेले. क्लेम बसतो म्हणाला, जॉब कार्डही तिथेच भरलं. पण पार्ट जिल्ह्यात नव्हता. फोटो वर पाठवायचे, मंजुरी यायची, मग डेपोतून माल निघायचा. डावणीची बुरशी तेवढं थांबते का? शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागावा तर त्याचीही फवारणी त्याच दिवशी. शेवटी त्याची बाग झाल्यावर रात्री हेडलाइटवर आमची. त्याच्या डिझेलचे आणि भाड्याचे पैसे कोणत्याही वॉरंटीत नाहीत. पार्ट फुकट, मजुरी फुकट, ट्रॅक्टरचं बिल शून्य. बागेचा हिशोब वेगळा.

आता कुणी विचारलं तर मी एकच सांगतो. सौदा करण्याआधी काउंटरच्या मागे पार्टच्या रॅककडे जा आणि तुमच्या मॉडेलचा क्लच, पीटीओ आणि लिफ्टचा माल आहे का विचारा. त्या मॉडेलचे ट्रॅक्टर त्या भागात दहा-बाराच असतील तर रॅक रिकामाच असणार.

जुना फिटर

एका डीलरकडे बरीच वर्षं वर्कशॉप बघितलं, आता स्वतःचं गॅरेज आहे. पडद्यामागचं सांगतो, कारण निम्मी भांडणं ते माहीत नसल्यामुळे होतात.

वॉरंटीतला पार्ट डीलर आधी स्वतःच्या स्टॉकमधून बसवतो. मग तो कंपनीकडे क्लेम टाकतो. क्लेमबरोबर तासांचा फोटो, चेसिस नंबरचा फोटो, आधीच्या सर्व्हिसच्या नोंदी आणि बऱ्याचदा तुटलेला पार्टही पाठवावा लागतो. कंपनीने क्लेम नाकारला तर नुकसान डीलरच्या माथी. शिवाय वॉरंटीच्या कामाची मजुरी कंपनी ठरवेल ती, रोख गिऱ्हाइकापेक्षा कमी. त्यामुळे डीलर तुमचा ट्रॅक्टर बघतो तेव्हा त्याच्या मनात दुरुस्तीच्या आधी क्लेम बसेल का हा प्रश्न असतो. वाईट माणूस असतो असं नाही.

क्लेम कशावरून उडतो? सर्वात जास्त धुळीवरून. एअर क्लीनरच्या रबरी पाइपची पट्टी ढिली, किंवा ऑइल बाथमधलं तेल गाळ झालेलं. रोटाव्हेटर आणि मळणी म्हणजे धुरळ्यात उभा ट्रॅक्टर. धूळ आत ओढली की रिंगा-लायनर घासतात, ऑइल कमी होतं, निळा धूर, ब्रीदरमधून फुफाटा. मालक म्हणतो इंजिन खराब दिलं. कंपनीचा माणूस येतो, पाइप काढतो, आत बोट फिरवतो. बोटाला माती लागली की विषय संपला.

दुसरं, सर्व्हिसचं अंतर. पहिली सर्व्हिस साधारण ५० तासांना असते आणि तीच लोक चुकवतात, कारण नवा ट्रॅक्टर ऐन हंगामात घेतलेला असतो. फुकट सर्व्हिस म्हणजे मजुरी फुकट, तेल आणि फिल्टर विकतच. काही जण तेवढे पैसे वाचवायला बाहेरून तेल बदलतात आणि पुस्तिकेत नोंद राहत नाही. बाहेर बदललंच तर निदान योग्य ग्रेडच्या तेलाचं पक्कं बिल ठेवा.

तिसरं, क्लच प्लेट, ब्रेक, पट्टे, सील, रबरी पाइप हे झिजणारे पार्ट. ते बहुतेक वॉरंटीत मुळातच नसतात.

आणि जॉब कार्ड. गाडी वर्कशॉपात लावली, मिस्त्रीने ‘बघतो’ म्हटलं आणि तुम्ही घरी गेलात, तर कागदावर तुम्ही आलाच नव्हता. तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ‘जनरल चेकअप’ लिहू देऊ नका. ‘तिसऱ्या गियरमध्ये आवाज, गरम झाल्यावर वाढतो’ असं लिहायला लावा, खाली तारीख, तास आणि सही, आणि तिथेच मोबाईलवर फोटो. वॉरंटी संपायच्या आधीच्या कार्डावर आवाजाची नोंद असेल तर नंतर गियरबॉक्स फुटला तरी बोलायला जागा राहते.

ऊस वाहतूक, वारणा काठ

फिटरभाऊ, झिजणारं सोडा. आमचा क्राऊन-पिनियनच, मागच्या चाकांना ताकद देणारा मुख्य गियर, गेला की. ५० एचपी, कारखान्याच्या करारावर डबल ट्रॉली. जॉब कार्डावर साहेबानं पहिलाच शब्द लिहिला, ‘ओव्हरलोड’. अजून चेंबर उघडलंही नव्हतं!

ह्याच साहेबाच्या शोरूममध्ये दोन ट्रॉल्या भरून ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा फ्लेक्स लावलाय, हसणाऱ्या शेतकऱ्यासकट. विकताना ‘ओढीला वाघ’ आणि मोडल्यावर ‘एवढं कशाला ओढायचं’. मी सही केली नाही. म्हटलं, आधी उघडा, काय तुटलंय ते लिहा, कारण नंतर लिहा. एरिया मॅनेजर आला. बरीच घासाघीस झाली. पार्टचे निम्मे पैसे कंपनी देणार, निम्मे आणि मजुरी मी. ‘गुडविल’ म्हणतात त्याला, वॉरंटीत बसत नाही पण गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून. हे मागितल्याशिवाय कुणी देत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

गळीत हंगाम चालू असताना टोळीला मजुरी चालू, उचल अंगावर, आणि ट्रॅक्टर ठोकळ्यावर उभा. निम्मे तर निम्मे, मी घेतले.

धान-बांधी, गोंदिया

आमच्याकडं केजव्हीलचं भांडण. रोवणीच्या आधी चिखलणीला लोखंडी चाकं लावावीच लागतात, बांधीत रबरी चाक फिरतं जागच्या जागी. काही पुस्तिकांमध्ये फुल केजव्हील लावलं तर वॉरंटी नाही असं लिहिलेलं असते, हाफ चालते. घेताना हे विचारून घ्या.

दुसरं म्हणजे पाणी. मागच्या एक्सलच्या सीलमधून चिखलपाणी आत गेलं आणि तेल दुधावानी पांढरं झालं. सील वॉरंटीत नाही, आणि तेलात पाणी दिसलं म्हणून आतलं बेअरिंगही नाही. आता चिखलणी संपली की आम्ही दरवर्षी डिपस्टिक काढून रंग बघतो.

सोयाबीन-हळद, हिंगोली

ट्रॅक्टर माझ्या नावावर आहे. सातबारा, कर्ज, आरसी, सगळं माझ्या नावाने. राज्याच्या कृषी यांत्रिकीकरण योजनेत महिलांना ट्रॅक्टरवर जास्त अनुदान असतं, म्हणून अशी कागदपत्रं आता गावात बऱ्याच घरी बाईच्या नावावर आहेत. पण शोरूममध्ये फोन केला की पहिला प्रश्न, ‘मालकांना द्या’. मीच मालक आहे म्हटलं की पलीकडे गप्प, मग ‘नाही म्हणजे ताई, चालवतं कोण?’

मी एक वही ठेवलीय. तारीख, तास, कोणतं काम, किती डिझेल, कधी ग्रीस. नांगरटीला ओढ कमी वाटायला लागली तेव्हा त्या वहीतून दिसत होतं की एकाच रानाला मागच्या वर्षापेक्षा डिझेल जास्त जातंय. वही घेऊन वर्कशॉपात गेले. तिथल्या पोराने पहिल्यांदा कुणाला न विचारता माझ्याशीच बोलायला सुरुवात केली. इंजिनात डिझेल फवारणारे नोझल तपासले, दोन खराब निघाले, वॉरंटीत बदलून मिळाले. चांगला अनुभव म्हणूनच लिहितेय. पोरगा आता फोनवर ‘काकू, वही बघून तास सांगा’ म्हणतो.

ग्राहक, लातूर जिल्हा

मी जिल्हा ग्राहक आयोगापर्यंत गेलो, तेव्हा तेवढंच लिहितो. नव्या ट्रॅक्टरचं इंजिन पहिल्या वर्षापासून ऑइल खात होतं, दोनदा उघडून बांधलं तरी तेच.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. ५ लाखांपर्यंतच्या किमतीला फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. डीलर ‘बघू, करू’ म्हणत दिवस काढतो तेव्हा हे घड्याळ चालूच असतं. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद केली. काहींचं काम तिथेच होतं, माझं झालं नाही.

समोरच्या वकिलाचा पहिला मुद्दा, हा ट्रॅक्टर व्यवसायासाठी आहे म्हणून हा ग्राहकच नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबून वापरत असाल तर कायद्यात ते व्यावसायिक धरत नाहीत. ऊसवाल्या भाऊंनी हे नीट समजून घ्यावं. ड्रायव्हर ठेवून चार-पाच ट्रॅक्टर फिरवणाऱ्याला हा मुद्दा जड जातो. दुसरा मुद्दा, दोष मूळचा आहे हे सिद्ध करा. इथे तज्ज्ञाचा अहवाल लागतो, नुसतं ‘धूर मारतो’ चालत नाही. माझ्याकडे सगळी जॉब कार्डं होती आणि दोन्ही वेळचं बांधकाम त्यांच्याच वर्कशॉपातलं. निकाल लागायच्या आधी कंपनीने नवं इंजिन देऊन तडजोड केली. घेतली. मनात मात्र पुढे लढायचं होतं.

लाल माती, सिंधुदुर्ग

इथे ट्रॅक्टर कमी, पॉवर टिलर जास्त. डीलर घाटावर. वॉरंटी आहे, पण टिलर टेंपोत घालून घाट चढवायचं भाडं पार्टच्या किमतीपेक्षा जास्त. त्यामुळे वॉरंटीतलाच पार्ट आम्ही विकत आणून गावात बसवतो.

जुनं ते सोनं

आमचा ३५ एचपीवाला वडिलांनी घेतलेला. वॉरंटी कधीच संपली, घेताना होती का तेही आता कुणाला आठवत नाही. मिस्त्री हाच आमचा डीलर.

परत धागाकर्ता

जुनं ते सोनं यांच्या मिस्त्रीला दीर्घायुष्य लाभो! नवा घेणाऱ्यांसाठी एक भर. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिथल्या चाचणी अहवालात पीटीओला प्रत्यक्ष किती एचपी मिळते, डिझेल किती लागतं, लिफ्ट किती उचलते ते सगळं असतं. डीलरकडे अहवाल मागा. बॉनेटवरचा आकडा आणि पीटीओचा आकडा यांतली तफावत आधीच दिसली, तर ‘ओढ कमी आहे’ म्हणून वॉरंटीत भांडायची वेळ येत नाही.

केळीवाला, जळगाव

६० एचपी. ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून नवे प्रदूषण नियम लागले, तेव्हापासून कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशोबाने डिझेल सोडणारं, इंजिन आणि सेन्सर आले. ट्रॅक्टर सुरेख चालतो, डिझेलही कमी. पण डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की गावचा मिस्त्री हात वर करतो. डीलरचा माणूस लॅपटॉप जोडणार तेव्हाच कळणार, आणि लॅपटॉप एक, तालुके तीन.

आत्ता दिवा लागलाय. वायरिंगमध्ये एक वायर तुटलेली निघाली. सुपरवायझर म्हणतो उंदराने कुरतडली, क्लेम नाही, अख्खा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, विकत घ्या. फिटरभाऊ, काही होईल का?

जुना फिटर

उंदीर वॉरंटीत बसत नाही. पण आधी तुटलेल्या टोकाचा जवळून फोटो काढा. उंदराने कुरतडलेल्या वायरीचं आवरण दातांनी तुकड्या-तुकड्यांनी सोललेलं असतं, आणि सहसा शेजारच्या वायरींवरही खुणा सापडतात. पत्र्याला घासून तुटलेली वायर एका बाजूने सपाट झिजलेली आणि काळपट दिसते. घासलेली असेल तर पत्र्याजवळची क्लिप जागेवर आहे का बघा. ती बसवलेलीच नसेल तर दोष जोडणीचा, क्लेम बसायला हवा. आणि तोपर्यंत ‘उंदीर’ लिहिलेल्या जॉब कार्डावर सही करू नका.

केळीवाला, जळगाव

एका बाजूनेच झिजलीय. क्लिपचं भोक आहे, क्लिप नाही. फोटो टाकतो.