गांजा ओढून पावडर सुटते म्हणणाऱ्यांना

टिळकवाडीकर: काल इथं एकानं लिहिलं, "मेंदूच गांजासारखं रसायन बनवतो, त्याचं नावही आनंदावरून. मग कोकेन, मेथ असल्या उत्तेजक पावडरींचं व्यसन गांजानंच सोडवा." वाचून डोकं उठलं. ते रसायन, आनंदामाइड, 1992 ला सापडलं, नाव संस्कृत 'आनंद'वरून, खरं आहे. पण ते करतं काय? डोपामिन म्हणजे मेंदूत ओढ लावणारं रसायन; ते सोडणाऱ्या पेशींना लगाम घालणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. आनंदामाइडसारखी रसायनं तो लगामच सैल करतात, गांजाही तेच करतो. 2001 ला कोकेन बंद केलेल्या उंदरांना गांजाच्या जातीचं कृत्रिम रसायन दिलं, तर ते परत कोकेनकडे वळले. मेंदूत गांजा जिथं चिकटतो ती जागा अडवणारं औषध दिल्यावर ओढ कमी झाली.

खानापूरचा गडी: मीच लिहिलं ते. त्याच प्रयोगात ताणामुळं आलेली ओढ त्या औषधानं हटली नाही, ते का गाळलं? आणि ते अडवणारं औषध, रिमोनाबँट, 2006 ला युरोपात वजन उतरवायला आलं. लोक नैराश्यात जायला लागले, म्हणून 2008 ला बंद. माझा चुलतभाऊ बंगळूरला मेथच्या नादी लागला. गावी आणला. गांजावर निदान झोपायचा तरी. दोन महिने पावडर नाही. तुमचे उंदीर ठेवा तुमच्याजवळ.

निपाणीची लेक: सगळे पावडर पावडर करताय. तंबाखूतलं निकोटीन उत्तेजक नव्हे काय? रिमोनाबँट सिगारेट सोडवायलाही तपासलं होतं. माझी आई 22 वर्षं तंबाखूच्या वखारीत. तोंडाला पदर बांधून चाळायची, पापण्यांवर धूळ. घरी आली की पाण्याच्या आधी मिश्रीची डबी. बोट हिरड्यावर फिरलं की मगच आमच्याशी बोलायची. शेवटी गालाला जखम झाली. तिच्यावर कुणी धागा काढला?

खानापूरचा गडी: ताई, विषय कुठं नेताय?

निपाणीची लेक: कुठं नेला? पोरगं बंगळूरला बिघडलं की व्यसन, बाई वखारीत बिघडली की सवय! या तंबाखूवर आमची फी भरली, म्हणून घरात कुणी तोंड उघडलं नाही. मीसुद्धा नाही.

टिळकवाडीकर: ताई, माझं चुकलं. तंबाखू मी धरलाच नव्हता. ताणाचं गाळलं, तेही मान्य. पण गड्या, दोन महिन्यांनंतर काय झालं?

खानापूरचा गडी: जुन्या दोस्ताचा फोन आला. गांजा खिशात होता, तरी त्याच रात्री परत पावडरीकडं गेला. परवा मिरजेला डॉक्टरांकडं नेतोय. तुमचं सगळं पटलं असं समजू नका.