साताऱ्याच्या उतारांवर टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

मातीवाट
नमस्कार मंडळी. राहायला साताऱ्यात, फिरणं बहुतेक मेढा, बामणोलीकडच्या कच्च्या वाटांवर. दोन जुन्या गाड्या मिळतायत: नॉबी (जाड गाठींचे, चिखलाचे) टायर टाकलेली टू-स्ट्रोक यामाहा आरएक्स १३५, ऑइल पंप काढलेली, आणि फोर-स्ट्रोक हिरो एक्सपल्स २०० फोर व्हॉल्व्ह. आरएक्स हलकी, पडली तर उचलायला सोपी. चढाला कोणती बरी?

घाटमेकॅनिक
दादा, तुम्ही चढाचं विचारताय, पण निकाल उतारावर लागतो. पंप काढलाय म्हणजे ऑइल पेट्रोलमध्ये मिसळूनच जाणार. लांब उताराला थ्रॉटल बंद, गाडी दुसऱ्या गिअरला. चाक इंजिनाला फिरवत राहतं, पण कार्ब्युरेटरमधून पेट्रोल जेमतेम येतं, म्हणजे ऑइलही जेमतेम. पिस्टन कोरडा पडून सिलिंडरला पकडतो आणि मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं. म्हणून दोन बोटं कायम क्लचवर, आणि दर दहा-पंधरा सेकंदांनी क्लच दाबून थ्रॉटलला एक झटका. ऑइल लिटरला ३० मिली. मिश्रण त्या दिवसापुरतंच करा, हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं.

शिवाय टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर इंजिनानेच गाडी रोखणं, नावापुरतं. सगळा भार ड्रम ब्रेकवर, आणि ओढा ओलांडल्यावर ड्रम ओला असेपर्यंत तो ब्रेक धरत नाही. फोर-स्ट्रोकचं ऑइल स्वतःच्या पंपाने फिरतं, थ्रॉटल बंद असला तरी. तुमच्या वाटांना एक्सपल्सच घ्या.

कृष्णाकाठ_सांगली
घाटाचं पटलं. पण आमच्याकडच्या काळ्या रानात दीडशे किलोच्या वरची गाडी रुतली की एकट्याने निघत नाही. सपाट रान, छोट्या फेऱ्या असतील तर आरएक्सच बरी.

मात्र घेण्याआधी क्रँक सील, म्हणजे क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांची रबरी सीलं, बघाच. इंजिन गरम करा, थ्रॉटल ओढून सोडा. आरपीएम लगेच खाली न येता वरच रेंगाळले, तर बहुतेक मॅग्नेटोकडचं (वीज तयार होते त्या बाजूचं) सील हवा ओढतंय. अशी गाडी पळवली तर पिस्टन जातो. क्लचकडचं सील गेलं असेल तर गिअर ऑइल जळतं: पांढरा धूर थांबत नाही आणि ऑइलची पातळी उतरत जाते. स्पार्क प्लग चॉकलेटी हवा. पांढराफटक निघाला तर हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय.

मातीवाट
एक्सपल्स घेतली तर पावसाळ्यात काय सांभाळू?

घाटमेकॅनिक
ओढ्यात बंद पडली तर स्टार्टर दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढा, मग स्टार्टर फिरवून पाणी बाहेर घालवा, एअर फिल्टर वाळवा. ऑइल ताकासारखं पांढरट दिसलं तर त्यात पाणी गेलंय. तसंच चालवू नका, बदला; आणि थोडं चालवून परत बदला, कारण एका खेपेत सगळं पाणी निघत नाही. ऑइल कूलरच्या जाळीतला चिखल प्रत्येक फेरीनंतर धुवा, पण प्रेशरची धार जवळून मारू नका, पत्रे वाकतात.

कास वाटेतच लागतं, पठारावर चाक घालू नका. कातळावर जेमतेम बोटभर माती असते, नॉबी टायर ती एका फेरीत खरवडून काढतो आणि फुलं त्याच मातीत येतात.

कच्च्यात टायरची हवा पुढे १८, मागे २० पीएसआय ठेवा. दगडांत याहून कमी केली तर ट्यूब रिमखाली चिमटते. डांबरीवर आलात की परत भरा, छोटा पंप सीटखाली असू द्या.