प्रश्न तपासणीचा नसून इमिग्रेशनचा आहे

सुरक्षा तपासणी सर्वांची सारखीच होते, मग आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत प्रवासी वेगळे कशासाठी ठेवायचे, या प्रश्नाचे उत्तर इमिग्रेशनमध्ये, म्हणजे देशात शिरताना होणाऱ्या पासपोर्ट तपासणीत आहे. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर टर्मिनल ५ मध्ये दोघांचे प्रतीक्षागृह एकच आहे. तेथे परदेशातून येऊन पुढे तिसऱ्या देशात जाणाऱ्याने एखाद्या देशांतर्गत प्रवाशाशी बोर्डिंग पासची अदलाबदल केली, तर तो इमिग्रेशनला चुकवून थेट ब्रिटनमधल्याच एडिनबरोला पोहोचू शकेल. म्हणून देशांतर्गत प्रवाशाचा चेहरा आत जाताना टिपून विमानात चढण्यापूर्वी पुन्हा ताडून पाहतात. २००८ मध्ये टर्मिनल सुरू होताना बोटांचे ठसे घेण्याचा बेत होता, तो खासगीपणाच्या आक्षेपांमुळे मागे पडला, आणि ते योग्यच झाले असे मला ठामपणे वाटते. आपल्याकडे दोघांना एकत्र ठेवले, तर परदेशातून आणलेले सोने देशांतर्गत प्रवाशाच्या हाती सोपवून तस्करी होण्याची धास्तीही तितकीच मोठी आहे.