इनलाइनवरून बर्फावर: मायनर लीगमधल्या फॉरवर्डचं करिअर कसं चालतं?

प्रश्न (कर्वेनगर)
नमस्कार मंडळी. मुलगा १६ वर्षांचा आहे, ९ वर्षांचा असल्यापासून सिमेंटच्या रिंकवर इनलाइन हॉकी (एका रांगेतल्या चाकांच्या स्केट्सवरची) खेळतो, फॉरवर्ड म्हणजे पुढच्या फळीत. त्याला आता आइस हॉकी खेळायची आहे आणि ईसीएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगपर्यंत पोहोचायचं म्हणतो. तिथल्या फॉरवर्डचं करिअर प्रत्यक्षात कसं असतं? आणि पुण्यात राहून आत्ता काय करता येईल? स्पष्ट सांगा, त्याला वाचायला देणार आहे.

उत्तर १
ताई, उतरंड अशी: वर एनएचएल (तिथली सर्वोच्च लीग), तिच्याखाली एएचएल, तिच्याखाली ईसीएचएल. खालच्या दोन्ही, म्हणजे मायनर, लीगमध्ये ऑक्टोबर ते एप्रिल ७२ साखळी सामने. ईसीएचएलमध्ये शुक्रवार, शनिवार, रविवार असे सलग तीन सामने नेहमीचे, मधला प्रवास बसने. पगार आठवड्याच्या हिशेबाने आणि हंगामापुरताच. राहायची सोय संघ करतो. एएचएलमध्ये कोणी जखमी झालं की खालचा फॉरवर्ड ट्रायआउट (चाचणी) करारावर, जास्तीत जास्त २५ सामन्यांसाठी, वर बोलावला जातो. जखमी खेळाडू परतला की हा पुन्हा खाली. एकाच हंगामात दोन-तीनदा बॅग भरायची तयारी लागते.

खरी मेख २६० सामन्यांची. हंगाम सुरू होताना ज्याचे इतके व्यावसायिक सामने झालेत तो ईसीएचएलमध्ये ‘व्हेटरन’ धरला जातो, आणि एका संघाला असे चारच चालतात (गोलकीपर यातून वगळलेले). ७२ सामन्यांच्या हिशेबाने ही मर्यादा चौथ्या हंगामात गाठली जाते. म्हणजे मधल्या दर्जाच्या फॉरवर्डची जागा पंचविशी-सत्ताविशीत जाते, खेळ बिघडला म्हणून नव्हे, त्या चारांत बसत नाही म्हणून. मग बरेच जण युरोपातल्या लीग गाठतात किंवा थांबतात.

गोल मारणारे ज्युनियरमध्ये ढिगाने असतात. कॅनडातल्या सरीचा अर्शदीप बैन्स २०२१-२२ मध्ये डब्ल्यूएचएल या ज्युनियर लीगमध्ये ११२ गुणांसह (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) पहिला आला. त्याआधी ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएल संघांच्या खेळाडू-निवडीत, त्याला कोणीच घेतलं नव्हतं. तोही आधी एएचएलमध्ये ॲबट्सफर्डकडूनच घडला. २०२५ मध्ये त्या संघाने कॅल्डर कप (एएचएलचं विजेतेपद) जिंकला, प्रशिक्षक मॅनी मल्होत्रा. मल्होत्रा स्वतः एनएचएलमध्ये ९९१ सामने खेळला तो मुख्यतः फेसऑफ (खेळ सुरू करताना पक जिंकणं) आणि पेनल्टी किल (शिक्षेमुळे एक खेळाडू कमी असताना बचाव) यांच्या जोरावर. खालच्या फळीतल्या फॉरवर्डला हेच काम मिळतं: ४०-४५ सेकंदांची शिफ्ट (बदली होईपर्यंतची पाळी), शॉट अंगावर घेणं, स्वतःच्या गोलकडे वेळेत परतणं.

१६व्या वर्षी बर्फ न पाहिलेल्या मुलाने ईसीएचएल हे ध्येय ठेवू नये, असं माझं ठाम मत. तिथली मुलं चार-पाच वर्षांची असल्यापासून बर्फावर असतात. भारतीय संघ हे ध्येय मात्र कष्टाने गाठता येण्यासारखं आहे.

उत्तर २
उत्तर १शी सहमत. मी तांत्रिक भागाबद्दल लिहितो.

चाकांवरचं वळण, पास, हातांची चपळाई बर्फावर कामी येते. अडतं ते थांबण्यात. चाकं सिमेंट धरून ठेवतात. आइस स्केटचं पातं मात्र आडवं करून बर्फ खरवडावा लागतो, गुडघे खोल वाकवून. इनलाइनवाले एक पाय मागे ओढून थांबतात, ती सवय बर्फावर फार हळू पडते. दुसरं, पात्याला लांबीत गोलाई असते. वजन टाचेकडे गेलं की मुलगा सरळ पाठीवर. त्यामुळे पहिले दहा तास स्टिक बाजूला ठेवून फक्त पात्याच्या कडांवर सराव: आतली, बाहेरची, दोन्ही पायांवर.

धार लावताना ५/८ इंचाचा हॉलो (पात्याच्या तळाची खोलगट खाच) सांगा. १/२ इंच जास्त पकडतो, पण नवख्याचा पाय अडकतो. लेहचा उघड्यावरचा बर्फ थंडीने कडक असतो, तिथे थोडं सरावल्यावर १/२ बरा.

नियमही बदलतात. इनलाइनमध्ये चार खेळाडू आणि गोलकीपर, ऑफसाइड (पकच्या आधी पुढच्या भागात शिरण्याला बंदी) नाही, अंगावर जाणं नाही. बर्फावर पाच आणि गोलकीपर, ऑफसाइड ठरवणाऱ्या निळ्या रेषा, आणि मोठ्यांच्या पुरुष सामन्यांत बॉडी चेक (अंगाने धडक देणं). पक (चेंडूऐवजीची रबरी चकती) १७० ग्रॅमपर्यंत, इनलाइनच्या पकपेक्षा जड. घरी गुळगुळीत प्लास्टिकच्या शीटवर खरा पक घेऊन रोज २०० शॉट मारू द्या. सिमेंटवर नको, स्टिकचं पातं आठवड्यात झिजतं.

कर्वेनगर
खूप आभार. त्याचं वजन ५८ किलो आहे. स्टिक किती फ्लेक्सची घ्यावी? आणि बर्फ कुठे मिळेल?

उत्तर २
फ्लेक्स म्हणजे स्टिकच्या कडकपणाचा आकडा, तो पौंडातल्या वजनाच्या साधारण निम्मा. ५८ किलो म्हणजे १२८ पौंड, तेव्हा ६५ची घ्या. ७५ची त्याच्याकडून वाकणार नाही आणि रिस्ट शॉट (मनगटाने मारलेला) कमजोर पडेल. स्टिकची उंची स्केट्स घालून हनुवटीपर्यंत. कापून लहान केली की ती जास्त कडक होते, हे धरून चाला.

उत्तर ३
पुण्यात पूर्ण मापाची बर्फाची रिंक नाही. डेहराडूनची रिंक २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधली, बरीच वर्षं बंद होती, २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. निघण्याआधी फोन करून वेळा विचारा. दुसरा पर्याय जानेवारीत लेह. तिथली उंची सुमारे ३५०० मीटर, त्यामुळे पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती, स्केट्सना हातही लावायचा नाही. लगेच खेळायला उतरणाऱ्यांना डोकेदुखी-मळमळीने पुढचे तीन दिवस गमवावे लागतात. राष्ट्रीय स्पर्धेत लडाख, लष्कर आणि आयटीबीपीचे संघ भारी असतात. त्यांच्या फॉरवर्डचा पहिल्या तीन पावलांचा वेग त्याला बघू द्या. आपल्याकडची मुलं तिथेच मागे पडतात, आणि ती तीन पावलं कुठल्याही चढावर धावूनही सुधारतात.