मॉडेल कसाही मजकूर वाचतंय, मग लष्करी रिपोर्टला कंट्रोल्ड लँग्वेज कशाला?

प्रोजेक्टवाला_पुणे

नमस्कार मंडळी. एमटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट घेतलाय तो असा की वेगवेगळ्या तुकड्यांकडून आलेले छोटे छोटे रिपोर्ट मशीनने वाचायचे आणि आपोआप एकच चित्र उभं करायचं, म्हणजे कोण कुठे आहे, किती आहेत, कुठे चाललेत, ज्याला इन्फर्मेशन फ्युजन म्हणतात ते. रिपोर्ट खरे नाहीत, मी आणि रूममेटने नकाशा समोर ठेवून लिहिलेत. गाईड म्हणतात आधी बॅटल मॅनेजमेंट लँग्वेज (बीएमएल), म्हणजे लष्करी हुकूम आणि रिपोर्ट लिहायची ठरलेली भाषा, वाच, कंट्रोल्ड लँग्वेजमध्ये रिपोर्ट घे. वाचलं मी, ठरलेले शब्द, ठरलेला क्रम, प्रत्येक शब्दाला एकच अर्थ. पण आता लँग्वेज मॉडेल कसंही लिहिलेलं वाचतात तर धावपळीत असलेल्या जवानाला साच्यात बोलायला का लावायचं हे मला खरंच कळत नाहीये.

अडचण कुठे आली तेही सांगतो. तीन रिपोर्ट होते. सकाळी 6:10 ला पहिली गस्त, "पुलाजवळ 4 ट्रक थांबलेत". 6:40 ला दुसरी गस्त, "नदीकाठी गाड्यांचा ताफा, अंदाजे 4". 7:05 ला चौकीवरून, "गावकरी सांगतायत पुलाकडे 4 ट्रक आलेत". मशीनने पहिल्यांदा 12 ट्रक दाखवले, प्रॉम्प्ट बदलला तर 4 दाखवले आणि पुढे लिहिलं की खात्री खूप जास्त कारण तिघांनी सांगितलंय. आणि रूममेटने लिहिताना मनात काय ठेवलं होतं, तर दुसऱ्या गस्तीने स्वतः काही पाहिलंच नव्हतं, चौकीवर जो गावकरी आला त्याच्याचकडून वाटेत ऐकलं होतं. आता हे सोडवायचं कसं, मोठं मॉडेल घेऊ का?

बिनतारी_निवृत्त

अरे मित्रा, 20 वर्षं लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे वायरलेसवर, काढली, त्यामुळे तुझ्या प्रश्नातल्या एकाच वाक्यावर बोलतो, "साच्यात बोलायला का लावायचं". वायरलेसवर ऐकू आलं नाही तर आम्ही "से अगेन" म्हणतो, "रिपीट" कधीच म्हणत नाही, कारण तोफखान्याच्या भाषेत रिपीट म्हणजे तोच फायर परत टाका. नवीन पोराच्या तोंडून सवयीने रिपीट निघालं की उस्ताद वायरलेसवर सगळ्यांसमोरच झापायचे आणि बरोबरच होतं ते. "रॉजर" म्हणजे ऐकलं, "विल्को" म्हणजे ऐकलं आणि करतो, हे दोन एक नाहीत. साचा माणसांसाठीच आलाय, मशीन तेव्हा कुठे होतं.

आणि साचा नसला की काय होतं त्याचं जुनं उदाहरण बालाक्लावाचं आहे, 25 ऑक्टोबर 1854, क्रिमियाचं युद्ध. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन टेकाडावर उभा होता, त्याला दिसत होतं की रशियन सैनिक बाजूच्या उंचवट्यावरच्या मोर्चांमधून तोफा काढून नेतायत, त्याने चिठ्ठी पाठवली की घोडदळाने वेगाने पुढे जावं आणि शत्रूला तोफा नेऊ देऊ नयेत. खाली दरीत घोडदळाचा प्रमुख लॉर्ड ल्यूकनला त्या तोफा दिसतच नव्हत्या, त्याला दिसत होत्या त्या दरीच्या पार टोकाला असलेल्या रशियन तोफा. कुठल्या तोफा विचारलं तर चिठ्ठी आणणाऱ्या कॅप्टन नोलनने हात करून दाखवलं की तो तुमचा शत्रू, त्या तुमच्या तोफा. साधारण 670 घोडेस्वार सरळ तोफांच्या तोंडी गेले. चिठ्ठीतलं इंग्रजी शुद्ध होतं, वाचणारे त्याच भाषेत जन्मलेले होते, फक्त "कुठे" लिहिलेलं नव्हतं. तुझं मॉडेल हीच चिठ्ठी वाचून काय करेल? एक अर्थ निवडेल आणि पुढे जाईल. साचा असता तर "कुठे"ची जागा रिकामी दिसली असती आणि चिठ्ठी तिथेच अडली असती.

दर्यावर्दी_रत्नागिरी

काकांशी सहमत. मी मर्चंट नेव्हीत आहे, आमच्याकडे ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, चार देशांची माणसं असतात आणि समोरच्या जहाजावर आणखी चार देशांची, म्हणून आयएमओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, 2001 मध्ये एसएमसीपी मंजूर केलं, समुद्रावर बोलायची ठरलेली वाक्यं. त्यात मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे वाक्याच्या आधी ते वाक्य कसलं आहे ते सांगायची सोय, सूचना आहे, सल्ला आहे, इशारा आहे, माहिती आहे, प्रश्न आहे, उत्तर आहे, विनंती आहे की आपला इरादा आहे, असे आठ प्रकार. इंग्रजीतले मे, माइट, शुड, कुड असले शब्द टाळायला सांगितलंय, कारण "मे" म्हणजे परवानगी मागतोय, परवानगी आहे म्हणतोय की तसं होऊ शकतं म्हणतोय ते व्हीएचएफ रेडिओच्या खरखरीत समजत नाही.

विमानवाल्यांनी हे फार मोठी किंमत मोजून शिकलंय. स्पेनचं टेनेरिफ बेट, 27 मार्च 1977, डच विमान कंपनी केएलएमचा पायलट रेडिओवर बोलला त्याचा अर्थ टॉवरने "टेकऑफसाठी तयार" असा घेतला आणि तो निघालाच होता, टॉवरचं "ओके" त्याला ऐकू गेलं आणि पुढचं "थांबा, मी कळवतो" दुसऱ्या विमानाच्या मेसेजमध्ये बुडालं. धावपट्टीवर समोर ते दुसरं विमान होतं, दोन्ही धडकली, 583 माणसं गेली. त्यानंतर ठरलं की टेकऑफ हा शब्द फक्त परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, बाकी सगळीकडे डिपार्चर. भावा, एका शब्दाचा प्रश्न होता फक्त.

रडारवाला

वरची उदाहरणं बोलण्याची आहेत, मी फ्युजनकडे येतो कारण खरा प्रश्न तिथे आहे. अमेरिकेत 80च्या दशकात जेडीएल नावाचं मॉडेल आलं, अजून सगळे त्याच पायऱ्यांनी बोलतात, खाली नुसते सिग्नल, वर वस्तू म्हणजे हा ट्रक हे विमान, त्याच्या वर परिस्थिती म्हणजे कोणाचा कोणाशी काय संबंध, त्याच्या वर धोका, आणि शेवटी हे सगळं नीट चाललंय का ते बघणं. लोकांना वाटतं अवघड काम वरच्या पायरीवर असतं. माझ्या अनुभवात अर्धी भांडणं खालीच होतात, एकाच प्रश्नावर, की मघाशी दिसलं ते आणि आत्ता दिसतंय ते एकच आहे का दोन. तुझे 4 ट्रक आणि 12 ट्रक हेच भांडण आहे.

3 जुलै 1988, इराण एअर 655, बंदर अब्बासहून दुबईला निघालेलं प्रवासी विमान, अमेरिकन क्रूझर विन्सेन्सने पाडलं, 290 लोक गेले, त्यात 10 भारतीय होते. विमान वर चढत होतं, जहाजाच्या स्वतःच्या रेकॉर्डमध्येही तसंच निघालं, तरी कंट्रोल रूममध्ये "खाली येतंय" असं ओरडून सांगितलं गेलं. गोंधळाची कारणं बरीच होती, पण नंतरच्या विश्लेषणात एक गोष्ट आली ती फ्युजनवाल्याने कधी विसरू नये. विन्सेन्सने त्या विमानाला ट्रॅक नंबर, म्हणजे सिस्टिममधला ओळख क्रमांक, दिला होता 4474, बाजूच्या दुसऱ्या जहाजाने त्याच विमानाला दिला 4131, सिस्टिमने ओळखलं की दोन्ही एकच आहेत आणि 4131 ठेवला, हे बरोबरच केलं. मग मोकळा झालेला 4474 दूर उडणाऱ्या वेगळ्याच लढाऊ विमानाला मिळाला, आणि ते खाली उतरत होतं. विन्सेन्सच्या कॅप्टनच्या डोक्यात जुनाच नंबर, त्याने विचारलं 4474 काय करतंय, उत्तर आलं खाली येतंय. उत्तर खरं होतं! फक्त दुसऱ्या विमानाचं होतं. मशीनने जोडणी नीट केली पण नाव बदललं हे माणसापर्यंत पोचलं नाही. म्हणून सांगतो, मोठं मॉडेल घेण्याआधी प्रत्येक वस्तूला आणि प्रत्येक रिपोर्टला असं नाव दे की जे परत दुसऱ्या कशाला मिळणार नाही.

शब्दवेडी_बॉन

हा धागा बघून फार आनंद झाला, माझं कामच या भागातलं, कंट्रोल्ड लँग्वेजचं, आणि राहते बॉनला. इथून जवळच वाख्टबेर्गला फ्राउनहोफरची एफकेआयई नावाची संस्था आहे, तिथले उलरिश शाडे आणि अमेरिकेतले मायकेल हीब यांनी 2006 च्या सुमारास बीएमएलला नीट व्याकरण दिलं. त्याआधी बीएमएल म्हणजे कोण, काय, कुठे, कधी, का असे पाच प्रश्न आणि त्यांचे तक्ते असं जास्त होतं. यांनी म्हटलं, ही भाषा आहे तर व्याकरण हवं, आणि क्रियापदापासून सुरुवात केली. हुकूम असेल तर आधी क्रियापद, मग हुकूम देणारा, मग तो पाळणारा, मग कोणावर किंवा कशावर, कुठे, कधीपासून, कशासाठी, आणि शेवटी त्या हुकमाचं स्वतःचं लेबल. क्रियापद "पुढे सरका" असेल तर मार्ग लागतो, "ताबा ठेवा" असेल तर ठिकाण लागतं, म्हणजे क्रियापद ठरवतं कुठल्या जागा भरायच्या.

मराठी माणसाला हे ओळखीचं वाटायला हवं. शाळेत कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण घोकलेत ना, क्रियेशी कोणाचं काय नातं तेच कारक. मी पहिल्यांदा तो नियम वाचला तेव्हा थेट पाणिनीच आठवला, कारण हुकूम देणारा आणि पाळणारा हे दोन वेगळे कर्ते त्याच्याकडे आहेत, करवून घेणाऱ्याला त्याने हेतू असं नाव दिलंय, आपण ज्याला प्रयोजक म्हणतो तो. त्या लोकांनी पाणिनीवरून घेतलं असं अजिबात म्हणत नाही, त्यांचा पाया लेक्सिकल फंक्शनल ग्रामर नावाच्या आधुनिक व्याकरण-सिद्धांताचा आहे, पण क्रिया मध्यभागी ठेवून विचार केला की माणूस तिथेच पोचतो.

आता साध्या मराठीत किती भोकं आहेत बघ. "संत्रीने टेकडीवर शत्रूला पाहिलं", टेकडीवर कोण, संत्री का शत्रू? "परवा तुकडी पुलावर", परवा म्हणजे होऊन गेलेला का येणारा? आपण संदर्भाने लावतो आणि बहुतेक वेळा बरोबर लावतो, मॉडेलही बहुतेक वेळा बरोबर लावेल. चुकेल तेव्हा मात्र ते चुकलेलं वाक्यही तितकंच गुळगुळीत असेल, वाचणाऱ्याला कुठे थांबावं ते कळणारच नाही, मला काळजी त्याची वाटते.

तुझ्या ट्रकवर येते. बीएमएलच्या रिपोर्टमध्ये हुकमात नसलेली एक जागा आहे, खात्रीची, आणि तुझं उत्तर तिथे आहे. नाटोकडे जुनी पद्धत आहे, माहिती देणाऱ्याला ए ते एफ अक्षर, कितपत भरवशाचा, आणि माहितीला 1 ते 6 आकडा, कितपत खरी वाटते. दोन्ही वेगळी ठेवतात कारण भरवशाचा माणूसही चुकीचं ऐकू शकतो. त्याच्या जोडीला लिही की स्वतः पाहिलं का ऐकलं, ऐकलं तर कोणाकडून, आणि त्या मूळ रिपोर्टचं लेबल. मग दुसरी गस्त आणि चौकी दोन्हीच्या मागे तो एकच गावकरी आहे हे मशीनला दिसेल, तिघांनी सांगितलं असं म्हणणार नाही, एकाने पाहिलं आणि एका गावकऱ्याचं म्हणणं दोन वाटांनी आलं असं म्हणेल. हे कुठलंही मॉडेल मजकुरातून ओळखू शकत नाही रे, कारण मजकुरात ते नाहीच. जी गोष्ट कोणी लिहिलीच नाही ती वाचणार कुठून.

मॉडेल टाकून दे असं म्हणत नाही. जवानाला बोलू दे हवं तसं, मॉडेलने त्याचं बीएमएल करावं, आणि रिकाम्या जागा त्याला तिथेच विचाराव्यात, "स्वतः पाहिलं का?" एवढंच. पण ते चित्रात जायच्या आधी त्यानेच वाचून हो म्हणायचं.

बिनतारी_निवृत्त

ताई, अगदी हेच. आमच्याकडे रीड बॅक म्हणतात, ज्याने सांगितलं त्यालाच परत वाचून दाखवायचं.

प्रोजेक्टवाला_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री बसून केलं. रिपोर्टला लेबल दिलं, "पाहिलं का ऐकलं" आणि "कोणाकडून" अशा दोन जागा टाकल्या, रूममेटला त्या भरायला लावल्या. आता त्याच तीन रिपोर्टवर 4 ट्रक येतात, आधार म्हणून एक प्रत्यक्ष पाहणी आणि एक गावकरी दाखवतो, आणि 6:40 चा रिपोर्ट गावकऱ्याच्या खाली जोडलेला दिसतो. गाईडना दाखवलं, खूश झाले.

एकच शंका राहिली. हुकमात "कशासाठी" ही जागा आम्ही बऱ्याच ठिकाणी रिकामी सोडलीय, कारण मशीनला चित्र काढायला ती लागतच नाही. सक्तीची ठेवू का काढून टाकू?

बिनतारी_निवृत्त

सक्तीची ठेव. "पुलावर जा" एवढंच सांगितलं आणि तुकडी पोचली तर पूल आधीच उडवलेला, वायरलेस बंद, मग करायचं काय? "शत्रूची रसद अडवण्यासाठी पुलावर जा" म्हटलं असेल तर हवालदार स्वतःच बघेल खाली उतार कुठे आहे ते आणि तिथे जाऊन बसेल. मशीनला लागत नसेल ती जागा, त्याला लागते.

शब्दवेडी_बॉन

आणि तिथे शक्य असेल तर वाक्य न लिहिता वरच्या हुकमाचं लेबल टाक. म्हणजे वरचा हुकूम रद्द झाला की त्याच्यासाठी दिलेले खालचे सगळे हुकूम मशीन लगेच शोधून दाखवेल.