प्रतिसाद: पीठ चालायचं, आणि आधी भरपाई

असं म्हणतात की हिब्रू धर्मग्रंथात (ख्रिस्ती लोकांचा ‘जुना करार’) प्राण्याच्या बळीच्या रक्ताशिवाय पापाची क्षमाच नाही. त्यातल्या लेवीय या पुस्तकाचा ५वा अध्याय पूर्ण वाचला तर तसं दिसत नाही. ऐपतीप्रमाणे पायऱ्या आहेत: मेंढी किंवा शेळी, ती परवडत नसेल तर दोन होले किंवा कबुतराची दोन पिल्लं, तीही नसतील तर एफा या जुन्या मापाचा दहावा भाग, म्हणजे साधारण दोन लिटर मापाचं सपीठ. त्यात तेल नाही, ऊद नाही, कारण ते पापार्पण आहे. याजक (पुरोहित) त्यातलं मूठभर वेदीवर जाळतो, उरलेलं त्याचं. आणि पुढे स्पष्ट लिहिलंय, त्याला क्षमा होईल. गरिबाची मूठ इथे मेंढीइतकीच चालते, हे मला फार मोलाचं वाटतं.

फसवणूक किंवा चोरी असेल तर आधी मूळ वस्तू आणि वर पाचवा हिस्सा ज्याचा त्याला परत. दोषार्पणाचा, म्हणजे अपराधाबद्दल अर्पण करायचा मेंढा त्यानंतर. हा भाग शोधताना गोंधळ होतो: हिब्रू प्रतीत तो ५:२०-२६, मराठी बायबलात ६:१-७.

या अर्पणांसाठीच्या ‘कोर्बान’ या हिब्रू शब्दाच्या मूळ धातूचा अर्थ ‘जवळ येणे’ असा आहे. ‘बळी’ म्हटलं की तो अर्थ हरवतो. ‘अर्पण’ त्यातल्या त्यात बरं.