शिष्यवृत्तीविषयी जाहीर बोलण्यास परवानगी लागते का?

प्रश्न (विडी घरकुल, सोलापूर): माझी आई विड्या वळते. शिष्यवृत्ती रखडली म्हणून आम्ही महाविद्यालयाच्या फाटकाशी पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलेला फलक धरला, तर तो काढून घेण्यात आला. हे योग्य आहे का?

उत्तर १: मुळीच नाही. संविधानाचा अनुच्छेद १९(१)(क) अभिव्यक्तिस्वातंत्र्य देतो. १९(२) नुसार त्यावर कायद्यानेच वाजवी निर्बंध घालता येतात, आणि प्रशासनाची अडचण हे त्यातले कारण नव्हे.

उत्तर २: तास बुडू नयेत, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे.

उत्तर ३: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांत शिष्यवृत्तीतील विलंब ही तक्रार ठरते, म्हणून आधी महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या, निर्णय पटला नाही, तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करा. फलकही सोडू नका.